स्लो कुकर म्हणजे चूल नव्हे

"अगं, आमची आजी रात्रभर चुलीवर ठेवायची की! काय झालं तिला? चांगली नव्वदी गाठली."

राजमा कच्चाच स्लो कुकरमध्ये टाकू नका, असं म्हटलं की मला हे उत्तर मिळतं. नणंदेकडून मिळालं, सोसायटीच्या भिशीत मिळालं, न्यू जर्सीतल्या भाच्याने तर व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. या आजीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिच्या नावावर जे खपवलं जातंय, ते तिने कधी केलंच नव्हतं.

तर पहिला आणि सगळ्यात चिवट गैरसमज हा: मंद आचेवर जास्त वेळ ठेवलं की काहीही नीट शिजतं. सबब, सकाळी ऑफिसला निघताना भिजवलेला राजमा, पाणी, मीठ-मसाला भांड्यात घालायचं, बटण 'लो'वर फिरवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पानं घ्यायची.

आजीची चूल आठवा. जाळ पुढे, आणि शेजारी वैल. भांडं आधी चुलीवर चढायचं. रटरटून उकळी यायची, वर आलेला फेस आजी पळीने काढून टाकायची. मग तेच भांडं वैलावर सरकायचं आणि मंद धगीवर शिजत राहायचं. आधी उकळी, मग मंद आच, हा क्रम ठरलेला. स्लो कुकरमध्ये पहिली पायरीच गळते. जाड चिनीमातीचं थंडगार भांडं, त्याच्या भोवतीने तापणारी जेमतेम 200-250 वॉटची तार. पाणी नीट तापायलाच तासचे तास जातात आणि रटरटती उकळी पुष्कळदा येतच नाही. थोडक्यात, तुम्ही घरी आणलाय तो नुसता वैल आहे. चूल त्या खोक्यात नव्हतीच.

बहुतेक पदार्थांचं याने काही बिघडत नाही. राजम्याचं बिघडतं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, आणि ते पोटाला विषारी आहे. हे माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची 'बॅड बग बुक' नावाची पुस्तिका आहे, तिच्यातले आकडे बघा: कच्च्या लाल राजम्यात या विषाची 20,000 ते 70,000 एककं असतात, नीट शिजलेल्यात 200 ते 400. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी त्रास होऊ शकतो. एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पाठोपाठ जुलाब. माणूस सहसा काही तासांत सावरतो, पण ते काही तास कसे जातात ते ज्याचं त्याला माहीत.

खरी गोम पुढे आहे. हीच पुस्तिका सांगते की राजमा 80 अंश सेल्सिअसपर्यंतच तापवला तर त्याचा विषारीपणा कमी होण्याऐवजी पाचपटीपर्यंत वाढू शकतो. आणि स्लो कुकरमध्ये शिजवलेल्या पदार्थांचं आतलं तापमान मोजलं, तेव्हा ते बऱ्याचदा 75 अंश किंवा त्याहून कमीच भरलं. ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून वाचा आणि मग आजीला मध्ये आणा.

ब्रिटनमध्ये हे प्रकरण 1976 पासून नोंदलं गेलं आहे. सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला, न शिजवलेला राजमा खाल्ला आणि आजारी पडली. तशा घटना पुढेही घडत राहिल्या आणि 1980 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने त्यावर लेख छापला. आपल्याकडे असं काही झालं की आळ येतो तो पनीरवर, नाहीतर पाणीपुरीवर. माझ्या मावसबहिणीच्या घरी तिघं जण रात्री दहाला जेवले आणि बारापासून आळीपाळीने बेसिनशी. सकाळी तिने दही फेकून दिलं. राजमा मात्र फ्रीजमध्ये जपून ठेवला, "तो बिचारा आठ तास शिजलाय" म्हणून! दाणा तिने दोन बोटांत दाबून पाहिला होता, लोण्यासारखा मऊ होता. पण मऊ होणं वेगळं आणि विष जाणं वेगळं. दाणा कमी तापमानालाही हळूहळू मऊ पडतो. विष जायला उकळीच लागते.

उपाय अगदी सोपा आहे, म्हणून तर चिडचिड होते. राजमा किमान पाच तास, म्हणजे आपल्या हिशेबाने रात्रभर, भिजवा. ते पाणी ओतून द्या. नव्या पाण्यात गॅसवर खळखळून उकळा. 100 अंशांवर 10 मिनिटांत हे विष निकामी होतं. तरी वेळेत चूक नको म्हणून तीच पुस्तिका 30 मिनिटं सांगते. मी अर्धा तासच धरते. त्यानंतर खुशाल स्लो कुकरमध्ये घाला. नाहीतर आपला शिट्टीचा कुकर आहेच. त्यात तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, तिथे हा प्रश्नच उरत नाही. आपल्या घरांत राजम्याने फारसं कुणी आजारी पडलं नाही याचं श्रेय त्या शिट्ट्यांना आहे.

आणि हे फक्त पंजाबी राजम्यापुरतं नाही. पांढरा राजमा, घेवड्याचे वाळलेले दाणे, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा, सगळी एकाच जातीची भावंडं. पांढऱ्यात विष लाल राजम्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, पण असतंच.

"पण हे यंत्र मुळात घेवड्यासारख्या कडधान्यांसाठीच बनलं होतं ना?" हा भाच्याचा वकिली पॉइंट. खरं आहे. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट 1940 मध्ये मिळालं, आणि यंत्राचं नावही 'नॅक्सन बीनरी' होतं. कल्पना आईच्या आठवणीतून आली: लिथुआनियातल्या विल्नामध्ये ज्यू घरांतून शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी घेवडा-मांसाच्या चोलंटचं भांडं गावातल्या बेकरीत जाई आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर रात्रभर शिजे. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा उद्योग विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं. गोष्ट गोड आहे. पण दिवसभर पाव भाजलेली भट्टी कुठे आणि तुमच्या ओट्यावरचं 200 वॉटचं भांडं कुठे!

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

'लो' म्हणजे कमी तापमान. बहुतेक यंत्रांत 'लो' आणि 'हाय' शेवटी साधारण एकाच तापमानाला पोचतात. फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा. 'वॉर्म' मात्र नुसतं गरम ठेवण्यासाठी, शिजवण्यासाठी नाही.

आठ तास चालला की बिल फाडतो. 200 वॉट गुणिले आठ तास म्हणजे 1.6 युनिट. 1000 वॉटची इस्त्री सलग दीड तास चालवलीत तर जवळपास तेवढंच.

अमेरिकेतून आणलेला इथे चालतो. तिथली वीज 120 व्होल्ट, इथली 230. साध्या प्लगच्या अडॅप्टरवर लावलात तर जवळपास पावणेचारपट वीज खेचेल आणि जळेल.

अधूनमधून ढवळावं. झाकण उघडलं की साठलेली वाफ गेली. प्रत्येक डोकावण्याला पंधरा-वीस मिनिटं तरी जास्त मोजा.

फ्रीझरमधलं मटण थेट टाकलं तरी चालतं. नाही. 5 ते 60 अंशांच्या मधली वेळ जंतूंची चैन असते आणि गोठलेलं मांस तिथे तासन्‌तास रेंगाळतं. आधी फ्रीजमध्ये सुटू द्या.

कालची आमटी त्यात गरम करावी. तेच कारण. गॅसवर उकळी आणा.

चिंच-टोमॅटो सुरुवातीलाच घालावं. आंबटाने डाळ-कडधान्य लवकर मऊ होत नाही. चिंच-कोकम शेवटच्या तासात.

फोडणी त्यातच होते. मोहरी तडतडायला आणि कांदा खरपूस व्हायला लागणारं तापमान तिथे येत नाही. कढई काढावी लागणारच.

वीज जाऊन आली तरी काही होत नाही. तुम्ही घरी नसताना किती वेळ गेली हे कळायला मार्ग नसेल, तर ते अन्न टाकून द्या. जीव हळहळला तरी.

एवढं सगळं असूनही माझा स्लो कुकर माळ्यावर गेलेला नाही. मटणाचा कांदा-मसाला कढईत परतून घेतला आणि रस्सा त्यात सात तास ठेवला की मांस हाडापासून आपसूक सुटतं. पाया तर त्यातलाच खावा. पाणी मात्र निम्मंच घालायचं, आटत काहीच नाही.

परवा नणंदेचा फोन आला. "अर्धा तास उकळलाय. फेसही काढला. आता टाकू?"

"टाक."

"पण आमची आजी..."

"तीही हेच करायची," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग झाकण ठेवल्याचा आवाज आला.