तुरटीत लपलेलं लाल

नोएडातल्या एका हस्तकला मेळ्यात एका कापडासमोर माझे पाय थबकले. लांबून रामायणाचा पट वाटला होता. तेच मोठाले डोळे, तीच ठसठशीत काळी रेघ, चौकटीचौकटीतून पुढे सरकणारी गोष्ट. जवळ गेले तर पहिल्या चौकटीत गोठ्यातलं बाळ, पुढे गाढवावरून यरुशलेमेत शिरणारा येशू, आणि शेवटी क्रूस. आंध्रातल्या श्रीकालहस्तीची कलमकारी होती ती.

श्रीकालहस्ती हे वायुलिंगाचं क्षेत्र. तिथले चितारी पिढ्यान् पिढ्या देवळांसाठी रामायण-महाभारताचे पट रंगवत आले. ही कला विझत चालली होती, तेव्हा १९५०च्या दशकात कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकारानं गावात शिक्षणकेंद्र उभं राहिलं. याच गावचे कलमकार जे. गुरप्पा चेट्टी यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. ज्या कलमानं राम रेखला, त्याच कलमानं इथे येशूही रेखला गेला.

पण मला खरं वेड लावलं ते रंगांनी. कोरं सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. हिरडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला, आजीच्या बटव्यातला तोच. त्यातला तुरटपणा धाग्यात मुरतो, आणि दुधाच्या स्निग्धपणामुळे रेघ फुटत नाही. मग बांबूची टोकदार काडी घ्यायची, तिच्यावर लोकर गुंडाळून दोऱ्यानं बांधायची, की कलम तयार. लोकर शाई धरून ठेवते. बोटांनी हलकेच दाबली की शाई टोकाशी उतरते. ही शाई म्हणजे गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून कित्येक दिवस आंबवलेला अर्क. लोखंड हिरड्याला भेटतं आणि रेघ काळीभोर होते.

लाल रंगाची गोष्ट तर याहून नवलाची. जिथे लाल हवा, तिथे कलमकार लाल रंग लावतच नाही! तो तुरटीचं पाणी लावतो. मग कापड सुवर्णमुखी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि मंजिष्ठेसारख्या मुळांच्या काढ्यात उकळतात. तुरटीनं आधीच जागा धरून ठेवलेली असते. लाल तिथेच घट्ट बसतो, इतरत्र लागलेली लाली धुऊन निघते. क्रूसावरच्या जखमा रेखताना कारागिराला रक्त दिसत नसतं. ते भट्टीवर उगवतं.

येशू या कापडावर आजच आला असंही नाही. अठराव्या शतकात मद्रासमध्ये स्थिरावलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांनी आपल्या चर्चच्या वेदीसाठी असेच रंगवलेले पडदे करून घेतले आणि ते दूरदेशी धाडले. आर्मेनियन परंपरेत ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेदीसमोरचा पडदा मिटलेला असतो. त्या दिवसांत वेदी दिसत नाही, दिसतो तो फक्त पडदा. दक्षिणेतल्या रंगाऱ्याच्या हातचं ते काम भक्तांनी आठवडेच्या आठवडे न्याहाळलं असेल, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो.

मेळ्यातल्या कारागिरानं न विचारताच कापड उलटं केलं. रंग धाग्यांत आरपार उतरला होता. मागच्या बाजूनंही क्रूस दिसत होता, थोडा फिका.