विश्लेषण : जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर लाकडी फळी टिकते कशी?

सोलापुरात जुळे सोलापूरचा फ्लॅट असो की नवी पेठेतील दुकान, मोठ्या खोलीच्या दोन खोल्या करायच्या असतील तर विटांऐवजी जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनचा पर्याय असतो. वाळू-सिमेंटचा पसारा नाही, पाणी मारणे नाही, काम झटपट. अडचण येते ती नंतर. अशा भिंतीवर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ‘फ्लोटिंग शेल्फ’, म्हणजे खाली आधार न दिसणारी लाकडी फळी लावली जाते आणि काही दिवसांत ती पुढे झुकू लागते. दोष अनेकदा फळीचा नसतो. ती कशावर टांगली, यात असतो.

ही भिंत नेमकी कशी असते?

विटांची भिंत आतपर्यंत भरीव असते. पार्टिशन आतून पोकळ असते. पातळ पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांचा, म्हणजे जीआय स्टडचा सांगाडा उभा करून त्याच्या दोन्ही बाजूंना बोर्ड ठोकतात. दोन स्टडमधील अंतर साधारण ६०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन फूट, तर काही ठिकाणी ४०० मिलिमीटर असते. बोर्डाची जाडी बहुतेक वेळा १२.५ मिलिमीटर. दोन कागदांच्या मध्ये जिप्समचा थर, अशी त्याची रचना. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधलेले असते, त्यामुळे आगीत तो काही काळ तग धरतो. मात्र स्क्रू धरून ठेवण्याची त्याची ताकद बेताचीच आहे. बोर्ड ओलावला तर तीही उरत नाही.

शहरातील जुन्या वाड्यांमध्ये हा प्रश्नच नव्हता. हात-दोन हात जाड भिंतीतच कोनाडे आणि फडताळे काढलेली असत. आजच्या पार्टिशनमध्ये तो भार सांगाड्याला पेलावा लागतो.

आपली भिंत कोणती, हे कसे ओळखायचे?

बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. विटांच्या भिंतीचा आवाज भरीव येतो. बोर्डाचा ढोलासारखा पोकळ येतो आणि स्टडवर पोहोचल्यावर बदलतो. फळी झाकेल अशा जागी बारीक छिद्र पाडले तर खात्री होते. पांढरी भुकटी येऊन ड्रिल अचानक आत शिरले, तर तो बोर्ड. पांढऱ्यानंतर लाल भुकटी आली, तर ती पीओपी पनिंग केलेली विटांची भिंत. राखाडी, सहज पडणारी भुकटी हलक्या ब्लॉकची असू शकते.

दहा किलोच्या फळीची ओढ ३१ किलो कशी होते?

समजा, भिंतीपासून २५ सेंटीमीटर पुढे येणारी फळी आहे. एक सोलापुरी चादर एक किलोची धरली, तर दहा चादरींची चळत दहा किलोची झाली. हा भार फळीच्या मध्यावर, भिंतीपासून १२.५ सेंटीमीटरवर काम करतो. फळी धरणाऱ्या लोखंडी पट्टीचा वरचा स्क्रू खालच्या कडेपासून ४ सेंटीमीटर उंच असेल, तर तरफेच्या नियमाने १० गुणिले १२.५ भागिले ४, म्हणजे सुमारे ३१ किलोची ओढ वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचते. यात फळीचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही.

तीच चळत १५ सेंटीमीटरच्या फळीवर ठेवली, तर ओढ सुमारे १९ किलोवर येते. २५ सेंटीमीटरचीच फळी ठेवून पट्टीची उंची ८ सेंटीमीटर केली, तर ती १६ किलोच्या आसपास राहते. म्हणूनच पोकळ भिंतीवर अरुंद फळी आणि उंच पट्टी हे सूत्र उपयोगी पडते.

साधा प्लास्टिक प्लग का चालत नाही?

विटांच्या भिंतीत प्लग फुगून चहूबाजूंनी घट्ट बसतो. बोर्डात त्याला धरायला जेमतेम सव्वा सेंटीमीटर मिळतो; ओढ वाढली की छिद्र मोठे होते आणि प्लग जिप्समसह बाहेर येतो. भिंतीत लोखंडी सळ्या खोवून बसवायच्या फळ्याही मुळात भरीव भिंतीसाठीच असतात.

टॉगल बोल्ट बोर्डामागे उघडतो आणि भार मोठ्या भागावर पसरवतो. शोभेच्या हलक्या वस्तूंना तो पुरतो. पण पाकिटावरचा किलोचा आकडा कोणत्या जाडीच्या बोर्डासाठी आणि कोणत्या दिशेच्या भारासाठी आहे, हे आधी वाचावे. भिंतीलगत लटकणारे चित्र आणि पुढे आलेली फळी यांचा भार सारखा नसतो.

मग योग्य पद्धत कोणती?

- स्टड शोधा. छोटे लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. स्टड किंवा त्यावरील स्क्रूपाशी ते चिकटते. चुंबकीय सेन्सर असलेल्या मोबाइलमधील अॅपही अंदाज देते, पण खात्री चुंबकानेच करावी.
- वायरिंग तपासा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली छिद्र टाळा. ड्रिलपूर्वी त्या खोलीचा एमसीबी बंद करा. ड्रिल दुसऱ्या खोलीतून चालवा.
- लाकडी पट्टी लावा. किमान दोन स्टडवर पोहोचेल अशी पट्टी स्पिरिट लेव्हलने समतल धरून पत्र्यात पकडणाऱ्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूने बसवा. त्यावर आतून पोकळ फळी सरकवून वरून स्क्रू मारा.
- भार हळूहळू वाढवा. आधी थोडे सामान ठेवा. वरच्या कडेला फट दिसली, तर सामान लगेच उतरवा.

स्टडचा पत्राही साधारण अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. त्यामुळे पुस्तकांच्या रांगा, पाण्याची भांडी किंवा मिक्सर अशा फळीवर नकोत. झोपण्याच्या किंवा मुलांच्या बसण्याच्या जागेवर तर फळी टाळलेलीच बरी.

जड सामान ठेवायचेच असेल तर?

त्याचा निर्णय पार्टिशन उभे राहण्याआधी घ्यावा. फळीच्या उंचीवर दोन स्टडच्या मध्ये प्लायवूडची आडवी पट्टी बसवून मग बोर्ड लावला, तर स्क्रूला भक्कम लाकूड मिळते. सांगाडा उघडा असताना हे काम सुताराच्या हाताखालचे असते; नंतर त्यासाठी बोर्ड कापावा लागतो. पट्टी कुठे बसवली, याचा मोजपट्टीसह फोटो मोबाइलमध्ये ठेवला तर पुढे अंदाज बांधावा लागत नाही.

भाड्याच्या घरात किंवा स्टडच सापडत नसेल, तर जमिनीवर उभी राहणारी मांडणी हाच सुरक्षित पर्याय. तिचा भार जमीन पेलते. ती पुढे कलंडू नये म्हणून मात्र आधार द्यावा.