वेताळ तेच तेच का सांगतो?

शिरगावच्या घरी माळा आवरताना वेताळाच्या इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. भाचा चार अंक वाचून वैतागला. "मामा, दर वेळी तीच कवटीची गुहा, तोच अंगठीचा ठसा, तीच जंगलातली म्हण!"

तक्रार रास्त आहे. लहानपणी मीही कंटाळून ती पानं उलटायचो.

पण ली फॉक यांनी 1936 मध्ये वेताळ लिहायला घेतला तो वर्तमानपत्रासाठी. रोज दोन-तीन चौकटींची एक पट्टी. कालचा अंक रद्दीत गेलेला, वाचक कदाचित आजच आलेला. मग तो कोण, हे पुन्हा सांगणं भागच.

1964 पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजालने याच पट्ट्या जोडून पुस्तकं केली. कित्येक आठवड्यांचं एका बैठकीत वाचलं, की पुनरुक्ती खड्यासारखी दाताखाली येते.

वेताळाच्या प्रेयसीचं, डायनाचं मात्र मला आजही पटत नाही. पहिल्या कथेपासून सोबत असलेल्या या बाईचं वेताळाशी लग्न लागलं 1977 मध्ये! एक्केचाळीस वर्षं ताटकळत ठेवणं म्हणजे वाचकांचा अंत पाहणंच. पुढे जुळी झाली, तेव्हा कुठे गुहेत घरपण आलं.

भाच्याला आता रोज एकच पान वाचायला दिलंय. कुरकुर कमी झालीये.

तुमच्याकडे मराठी इंद्रजाल आहेत?