हिरांचा चौकोन आणि हजार किलोमीटरचा वेग

आधी एक छोटीशी गंमत करू या. माडाच्या झावळीचे चार हीर घ्या. (शहरात राहत असाल तर खराट्यातून चार काड्या ओढा, पण आईला विचारून बरं का!) त्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करा आणि टोकं दोऱ्याने बांधून एक चौकोन तयार करा. आता एका कोपऱ्याला बोटाने हळूच ढकला. काय झालं? चौकोन कलंडला, पतंगासारखा तिरका झाला. आता थोडा लांब असा पाचवा हीर घ्या आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना तिरका बांधून टाका. पुन्हा ढकला बघू. आता चौकोन जागचा हलत नाही!

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मोठं असं, की या पाचव्या हिराच्या जोरावर एक माणूस जमिनीवरून ताशी हजार किलोमीटरहून जास्त वेगाने गेला आणि धडधाकट परत आला.

त्याच्याकडे जाण्याआधी जरा विजयदुर्गला जाऊन येऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, वाघोटण खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे हा किल्ला तीन बाजूंनी पाण्यात उभा आहे. बहुतेक लोक किल्ला बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. पण खाडीने थोडं आत गेलं की गिर्ये गावाच्या बाजूला मराठा आरमाराची जुनी गोदी लागते. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं. ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ खरवडायचा, कुजक्या फळ्या बदलायच्या, आणि पुढच्या मोठ्या भरतीला पुन्हा पाण्यात सोडायचं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी इथे हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार या खाडीच्या तोंडाशी जळालं. गोदी मात्र राहिली.

कोकणातल्या कुठल्याही होडी बांधणाऱ्याला विचारा, तो तुम्हाला कामाचा एकच क्रम सांगेल. आधी कणा, म्हणजे पठाण. मग त्याला बरगड्या. मग फळ्या. फळ्या पाणी अडवतात, पण लाटेचा मार खातो तो आतला सांगाडा. पूर्वीच्या लांब लाकडी जहाजांना एक दुखणंच असे. जहाजाचं पोट रुंद, त्याला पाणी चांगलं उचलून धरी. टोकं निमुळती, ती आपल्याच वजनाने खाली झुकत. काही वर्षांत कणा कमानीसारखा वाकायचा आणि फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायला लागायचं. कारण काय? सगळा सांगाडा चौकोनांचा! उभ्या बरगड्या, आडव्या फळ्या. तुमच्या चार हिरांसारखाच तो तिरका होई. १८१० च्या सुमारास रॉबर्ट सेपिंग्ज नावाच्या इंग्रज जहाज-बांधणाऱ्याने आतून तिरक्या तुळया ठोकायला सुरुवात केली आणि वाकणं कितीतरी कमी झालं. म्हणजे त्याने पाचवा हीर बांधला.

भंगार विकून नवी गाडी

आता त्या वेगवान माणसाची गोष्ट. त्याचं नाव रिचर्ड नोबल. जगातली सर्वात वेगवान गाडी बनवायची हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं होतं. त्याने स्वतःची ट्रायम्फ गाडी विकली, आलेल्या पैशातून जेट इंजिनाची एक गाडी बनवली आणि तिला नाव दिलं थ्रस्ट-१. १९७७ साली चाचणी चालू असताना चाकाचं बेअरिंग आवळलं आणि गाडी कोलांट्या खात आपटली. नोबल वाचला. गाडीचं भंगार त्याने १७५ पौंडांना विकलं. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. याने काय करावं? ताशी ६५० मैल वेगाची गाडी आखणारा माणूस हवा आहे, असं चक्क जाहीर करून टाकलं!

तसा माणूस मिळाला. जॉन अ‍ॅक्रॉइड. आणि गंमत बघा, नवी गाडी थ्रस्ट-२ जिथे बांधली गेली तो मोटारींचा कारखाना नव्हता. ती इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर, होड्या बांधण्याच्या एका आवारात उभी राहिली. गिर्येच्या गोदीतल्या सुतारांना ते काम बघून परकं वाटलं नसतं, असं मला नेहमी वाटतं.

गाडीत लढाऊ विमानाचं जेट इंजिन होतं. ते बसवायला सांगाडा केला पोलादी नळ्यांचा, सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण. आणि त्या नळ्या कोणत्या? रेनॉल्ड्स ५३१! हे पोलाद १९३५ साली सायकलींसाठी बाजारात आलं होतं. तुमच्या सायकलची चौकट बघा. तिथेही नळ्या आणि त्रिकोणच आहेत.

जून १९८२ मध्ये एका विमानतळाच्या धावपट्टीवर चाचणी घेताना नोबलला ब्रेकचं पॅराशूट उघडायला क्षणभर उशीर झाला. गाडी धावपट्टी संपवून पुढे घुसली. तिचं बरंच नुकसान झालं, पण नोबल या वेळीही वाचला. गाडी दुरुस्त झाली आणि ४ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक नावाच्या सपाट वाळवंटात तिने ताशी १०१९ किलोमीटर वेग गाठला. हा आकडा दोन फेऱ्यांच्या सरासरीचा आहे. एक फेरी जाताना, दुसरी उलट दिशेने, आणि दोन्ही एका तासाच्या आत. नाहीतर पाठीवर वारा घेऊन कुणीही विक्रम करील!

ताशी १०१९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २८३ मीटर. विजयदुर्गपासून देवगड सरळ रेषेत साधारण २० किलोमीटर आहे. घाट, वळणं, आंब्याच्या बागा सगळं बाजूला ठेवलं तर हे अंतर थ्रस्ट-२ ला सत्तर-एक्काहत्तर सेकंदांचं. (एस.टी.ला किती लागतो ते तिकडच्या वाचकांना चांगलं माहीत आहे.)

पुढे १५ ऑक्टोबर १९९७ रोजी याच नोबलच्या नव्या गाडीने, थ्रस्ट एसएससीने, ताशी १२२७.९८५ किलोमीटरचा विक्रम केला. अँडी ग्रीन नावाचा वैमानिक ती चालवत होता. जमिनीवरच्या गाडीने आवाजाचा वेग ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. तिचाही सांगाडा पोलादी नळ्यांचाच होता. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

नळीच का? भरीव सळई का नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर शाबास! वर्तमानपत्राचा एक कागद उभा करून बघा. राहत नाही. आता त्याची सुरळी करा, दोरा बांधा आणि वर एक वही ठेवा. तोच कागद, तेवढंच वजन, पण आता तो भार पेलतो.

पोलादाचंही तसंच. २५ मिलिमीटर जाडीची, ३ मिलिमीटर भिंतीची नळी घ्या. तिचं वजन दर मीटरला साधारण १.६ किलो. तेवढ्याच वजनाची भरीव सळई केली तर तिची जाडी जेमतेम सव्वासोळा मिलिमीटर भरेल. दोन्ही वाकवायला गेलात तर नळी त्या सळईच्या जवळजवळ पावणेचार पट ताठ निघते. कारण वाकताना सगळा ताण बाहेरच्या कडेला येतो, मधलं पोलाद नुसतं बसून असतं. नळीत त्या आळशी पोलादाला हाकलून कामाच्या जागी, कडेला आणलेलं असतं. बांबूने ही युक्ती माणसाच्या फार आधी शोधली आहे.

हा २५ आणि ३ मिलिमीटरचा हिशेब मी उगाच घेतलेला नाही. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्या ‘बाजा’ स्पर्धेत स्वतः बांधलेल्या गाड्या उतरवतात, तिच्या नियमपुस्तकात चालकाभोवतीच्या मुख्य पिंजऱ्यासाठी हेच माप दिलं आहे. पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के हवा, असंही त्यात आहे. भारतात ही स्पर्धा २००७ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. पुण्याच्या सीओईपीचे, मुंबईच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी तिच्यासाठी रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये जागतात. शर्यतीच्या एकआसनी गाड्यांची ‘फॉर्म्युला स्टुडंट’ नावाची वेगळी स्पर्धा असते. तिच्यासाठी मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग हा संघ आपली गाडी घेऊन थेट जर्मनीपर्यंत गेला आहे.

वर्कशॉपमध्ये काय चालतं

आधी कागदावर, मग संगणकावर आराखडा. मग एक जाडजूड, सपाट लोखंडी टेबल. टेबलच वाकडं असेल तर गाडी सरळ कशी होणार? नळ्या मापात कापायच्या. गोल नळीला दुसरी गोल नळी नुसती टेकवली तर मध्ये फट राहते, म्हणून टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच कोरायची. ती खाच दुसऱ्या नळीला अशी चिकटून बसली पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये. हे काम कानशीने करताना हात भरून येतात आणि दिवसाला मोजकेच सांधे होतात.

मग वेल्डिंग. पण एकदम नाही हं! आधी प्रत्येक सांध्याला छोटे छोटे टाके घालायचे, शिंपी कच्ची शिलाई घालतो तसे. मग दोरी घेऊन कर्ण मोजायचे. गवंडी घराचा पाया आखताना काटकोन असाच तपासतो. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पक्कं वेल्डिंग, तेही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं आलटून पालटून. एकाच बाजूने भरत गेलात तर त्या बाजूचं पोलाद तापून, निवताना आकसून सगळा सांगाडा ओढून घेतं. महिनाभराची मेहनत केळ्यासारखी वाकडी!

आणि वेल्डिंग करणाऱ्याची परीक्षा? ती फार कडक असते. त्याने दोन नमुने द्यायचे. पहिल्यात दोन नळ्या काटकोनात जोडायच्या आणि मोडेपर्यंत ताण द्यायचा. मोडली पाहिजे नळी, सांधा नाही! दुसऱ्यात नळ्या तीस अंशांच्या कोनात जोडायच्या आणि सांधा उभा चिरून दाखवायचा, की धातू आतपर्यंत एकजीव झाला आहे. वरून सांधा चकचकीत आणि आतून पोकळ असेल तर तिथे लगेच उघडं पडतं.

एवढं सगळं कशासाठी, तर आत बसलेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी. गाडी उलटली तर नळ्यांनी जमीन झेलायची, डोक्याने नाही. म्हणून हेल्मेट आणि पिंजरा यांत १५२ मिलिमीटर अंतर ठेवावं लागतं. शिवाय चालकाला पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडून दाखवावं लागतं. सांगाडा दणकट पाहिजे म्हणून भरमसाट नळ्या घातल्या तर हीच परीक्षा नापास, आणि गाडी जड होते ते वेगळंच! कमी नळ्यांत दणकटपणा आणायचा, ही खरी हुशारी.

त्यासाठी जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये एक सोपा हिशेब सांगून ठेवला आहे. सांगाड्याचे कोपरे मोजा. त्यांना तीनने गुणा. त्यातून सहा वजा करा. निदान तेवढ्या काड्या हव्यातच, नाहीतर सांगाडा डुगडुगणार. घनाकृती डब्याला आठ कोपरे. आठ त्रिक चोवीस, वजा सहा, उरले अठरा. डब्याच्या कडा असतात बारा, म्हणजे आणखी सहा काड्या तिरक्या लागणार, प्रत्येक बाजूला एक.

आता उरलेले हीर टाकून देऊ नका. चौरस तळावर एक टोक असलेला पिरॅमिड बांधा. कोपरे पाच, काड्या आठ. तो डुगडुगेल का? डुगडुगला तर किती काड्या कमी पडल्या आणि त्या नेमक्या कुठे बांधाल? मग तसेच दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडा, तळाचे चार हीर दोघांत मिळून एकदाच. कोपरे सहा, काड्या बारा. आता एकही तिरकी काडी न बांधता ढकलून बघा बरं!