अवजारांसाठी पॉलिथिलीनचे बुश : निवड कशी करावी?

ऐन वाफशावर पेरणी यंत्राचा बुश झिजला की पेरणी खोळंबते. माती आणि खताचे क्षार यांमुळे धातूचा बुश वंगण नसेल तर लवकर खराब होतो. अशा ठिकाणी लेथवर कातलेला पॉलिथिलीनचा बुश चांगला टिकतो. मात्र 'प्लॅस्टिकचा द्या' एवढे सांगून भागत नाही. प्रकार पाहून निवड करावी.

प्रकार

१) कमी घनतेचे (एलडीपीई) : घनता ०.९१ ते ०.९३. मऊ व लवचिक असल्याने कातकामास अयोग्य.

२) जास्त घनतेचे (एचडीपीई) : घनता ०.९४ ते ०.९७. कडक व तुलनेने स्वस्त. वॉशर, झाकणे, हलक्या भाराचे भाग यांसाठी वापरावे.

३) अति उच्च रेणुभाराचे (यूएचएमडब्ल्यू) : रेणुभार ३० लाखांहून अधिक. घर्षण कमी आणि झीज अत्यल्प. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात १९६२ पासून हेच वापरले जाते. माती-वाळूत फिरणाऱ्या बुशसाठी हाच प्रकार निवडावा.

नायलॉन अधिक कडक असले तरी ओलाव्याने फुगते व शाफ्ट आवळतो. पॉलिथिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही.

कोठे वापरू नये?

सुमारे ८० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता असेल तेथे वापरू नये. १३० अंशांच्या आसपास ते वितळते. इंजिनजवळ व मळणी यंत्राच्या वेगवान मुख्य शाफ्टवर बेअरिंगच हवे. सतत जड भार राहिल्यास ते हळूहळू दबते. उन्हात राहणाऱ्या भागासाठी काजळीयुक्त काळा माल घ्यावा.

खरेदीपूर्वी परीक्षा

तुकडा पाण्यात टाकावा. पॉलिथिलीन तरंगते, नायलॉन व पीव्हीसी बुडतात. पॉलिप्रॉपिलीनही तरंगते, म्हणून बिलावर प्रकाराचे नाव लिहून घ्यावे. तरंगलेल्या मालाचा बारीक तुकडा उघड्या हवेत पत्र्यावर तापवावा. एचडीपीई वितळून पसरते. यूएचएमडब्ल्यू न पसरता पारदर्शक व रबरासारखे होते.

लेथवर काम करवून घेताना

• हत्यार धारदार असावे. भाग तापू देऊ नये व थंड झाल्यावरच माप घ्यावे.

• पॉलिथिलीन लोखंडाच्या सुमारे दहापट किंवा अधिक प्रसरण पावते. तापमान ३० अंशांनी वाढल्यास १०० मि.मी. लांबीचा भाग सुमारे अर्धा मि.मी. वाढतो. म्हणून शाफ्ट व बुश यांत धातूच्या बुशपेक्षा जास्त फट ठेवावी.

• शाफ्ट गुळगुळीत व गंजविरहित असावा. खडबडीत शाफ्ट चांगला बुशही खातो.

• पॉलिथिलीनला डिंक वा चिकटपदार्थ धरत नाहीत. बुश घट्ट दाबून किंवा बोल्टने बसवावा.

थोडक्यात, गती मंद, भार बेताचा आणि जागा ओली-मातीची असेल तर यूएचएमडब्ल्यू. उष्णता किंवा वेग जास्त असेल तर धातूचे बेअरिंग. पेरणीपूर्वीच उन्हाळ्यात बुश तपासून बदलून घ्यावेत, म्हणजे हंगामात काम थांबणार नाही.