मागच्या दाराने सव्हाना

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सव्हाना शहरात एका जुन्या घराच्या संग्रहालयात मी चार वर्षं दर शनिवारी माणसांना घर फिरवून दाखवायचं काम केलं. बिनपगारी, पण हौसेनं. इथले सावलीचे चौक आणि ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा सगळ्यांनी फोटोत पाहिलेल्या असतात. यादवी युद्धात, १८६४ च्या नाताळात, उत्तरेच्या जनरल शर्मनने हे शहर न जाळता राष्ट्राध्यक्ष लिंकनला ‘भेट’ म्हणून दिलं, हेही लोक पाठ करूनच येतात. म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही. घर बंद करून किल्ल्या खुंटीला लावल्यावर आम्ही आपापसांत बोलायचो, ते सांगते.

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मेणाची फळं मांडलेली असत. एकदा पाचेक वर्षांच्या एका मुलाने दोरीखालून हात घातला आणि नाशपातीचा कचकन चावा घेतला. त्याची आई रडकुंडीला आली. आम्ही नाशपाती टाकली नाही. चावल्याची बाजू भिंतीकडे करून पुन्हा ताटात ठेवली. पुढे नवीन माणूस कामावर आला, की पहिल्या दिवशी ती फिरवून त्याला दाखवायची, असा रिवाजच पडला.

डेव्हनपोर्ट हाउस हे १८२० चं घर. घरं बांधणाऱ्या एका ठेकेदाराने स्वतःसाठी बांधलेलं, आतला वळणदार जिना पाहत राहावा असा. १९५५ पर्यंत त्याची पार चाळ झाली होती, खोलीखोलीत भाडेकरू. ते पाडायचं ठरलं, कारण अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या एकाला गाड्या लावायला जागा हवी होती! आदल्याच वर्षी शहराचा जुना बाजार पाडून तिथे पार्किंगची इमारत उठली होती, तो घाव ताजा होता. सात बायका एकत्र आल्या, साडेबावीस हजार डॉलर उभे केले आणि घर विकत घेतलं. इथली वारसा जपण्याची चळवळ तिथून सुरू झाली. आणि बाजार गिळणारी ती पार्किंगची इमारत? पन्नास वर्षांचा करार संपल्यावर तीही पाडली. आता गाड्या जमिनीखाली आणि वर पुन्हा मोकळा चौक.

विटांची गोष्ट मात्र मला अजून झोंबते. ‘सव्हाना ग्रे’ नावाच्या राखाडी विटांना एके काळी इतका भाव आला, की अख्ख्या घरापेक्षा ते पाडून निघणाऱ्या विटा महाग. लोकांनी घरं उतरवून विटा विकल्या. या विटा नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यात गुलामांनी थापल्या होत्या. नीट पाहिलं तर एखाद्या विटेवर बोटांचे ठसे दिसतात, ओल्या मातीत उमटून भट्टीत पक्के झालेले. घर कुणाचं होतं ते दारावरच्या पाटीवर असतं. वीट कुणी थापली त्याची सही एवढीच.

राइट चौकात पर्यटक एका दिमाखदार स्मारकाकडे बोट करून विचारतात, “टोमोचिची इथेच पुरलाय ना?” टोमोचिची म्हणजे शहर वसवायला गोऱ्यांना जागा देणारा यामाक्रॉ जमातीचा म्हातारा नायक. १७३९ मध्ये तो वारला आणि त्याला याच चौकात मानाने पुरलं. पण १८८३ मध्ये नेमकी तीच जागा रेल्वे काढणाऱ्या गॉर्डन यांच्या स्मारकाला दिली गेली. पुढे एका बाईला ते सलायला लागलं. तिने १८९९ मध्ये चौकाच्या कोपऱ्यात त्याच्या नावाचा एक मोठा ग्रॅनाइटचा धोंडा बसवून घेतला. ही बाई गॉर्डन यांचीच सून!

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या जनरल ग्रीनचं तर उलटंच झालं. जॉन्सन चौकातल्या त्याच्या स्तंभाचा पाया १८२५ मध्ये त्याच युद्धात लढलेल्या फ्रेंच लाफाएतने स्वतः घातला, पण ग्रीनचे अवशेष नक्की कुठे आहेत तेच कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या दफनभूमीतल्या एका तळघरात ते १९०१ मध्ये सापडले. पाऊण शतक स्तंभ मालकाशिवायच उभा होता.

काळ्या लोकांच्या वस्त्यांतली घरं वाचवायला मात्र उशीर झाला. तो भार वाहिला डब्ल्यू. डब्ल्यू. लॉ यांनी. नागरी हक्कांच्या लढ्यात शहराचं नेतृत्व करणारा हा माणूस पेशाने पोस्टमन. किंग-टिस्डेल कॉटेज हे असंच एक घर पाडायला निघालं, तेव्हा ते आहे तसं उचलून दुसरीकडे नेऊन बसवलं.

आणि ओवेन्स-थॉमस हाउस. १८१९ चं, इंग्रज वास्तुकार विल्यम जे याने बांधलेलं. लाफाएतने याच्याच सज्जातून भाषण केलं म्हणून मिरवणारं. पावसाचं पाणी टाक्यांत साठवून घरभर नळाने खेळवलेलं. अंगणापलीकडची इमारत कितीतरी वर्षं नुसतं ‘गाडीखाना’ म्हणून ओळखली जायची. १९९० च्या दशकात दुरुस्ती करताना तिथे घरच्या गुलामांच्या खोल्या उजेडात आल्या आणि छताला जुना निळा रंग निघाला. भुतांना निळं म्हणजे पाणी वाटतं आणि ती ते ओलांडत नाहीत, अशी इथल्या काळ्या लोकांची श्रद्धा. २०१८ मध्ये घराच्या नावातच ‘गुलामांची निवासस्थानं’ हे शब्द आले.

वाईहून आई आली होती, तेव्हा तिला तिथे नेलं. मी माहिती द्यायला तोंड उघडणार, तोच तिने मान वर केली. खडबडीत निळ्या पोपड्यांकडे ती बराच वेळ बघत होती.

“चुन्यात नीळ घातलीय गं,” ती म्हणाली. “आपल्या परड्यातल्या खोलीला घालायचो तशी.”

खरंच होतं ते. चुना, ताक आणि नीळ. त्या दिवशी त्या खोलीत मी पुढे काही सांगितलं नाही.