वाळूत जिरणारा रस

सोयाबीन असो की द्राक्ष, फवारणीच्या पंपात आज सीवीडचं, म्हणजे समुद्री शेवाळाच्या अर्काचं, टॉनिक सर्रास पडतं. भारतात या शेवाळाच्या लागवडीला चालना मिळाली ती मात्र शेतीसाठी नव्हे, तर कॅरागीननसाठी, म्हणजे खाद्यपदार्थ घट्ट करणाऱ्या द्रव्यासाठी.

मूळ फिलिपिन्सचं कप्पाफायकस हे शेवाळ १९८४ मध्ये भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आणलं आणि तमिळनाडूच्या मंडपम् किनाऱ्यावर वाढवून पाहिलं. २००० नंतर पेप्सिकोच्या पाठबळावर त्याची व्यापारी शेती सुरू झाली. रामनाथपुरमच्या मच्छीमार बायका बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या ताणून त्यांना शेवाळाचे तुकडे बांधत. दीड महिन्यात तराफा भरे. मग माल वाळवायचा. ताज्या शेवाळात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी; त्यातलं बरंचसं वाळूत जिरून जाई. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ताजंच शेवाळ पिळून रस वेगळा केला, चोथा कॅरागीननला ठेवला. या पद्धतीला २००५ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. मला ही या प्रवासातली सर्वांत मोलाची पायरी वाटते.

२००९ मध्ये कोरडवाहू सोयाबीनवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पंधरा टक्के रसाच्या फवारणीने उत्पादन ५७ टक्के वाढलं. पंधरा टक्के म्हणजे लिटरला दीडशे मिली! दुकानातल्या बाटलीवर बहुधा दोन-तीन मिली लिहिलेलं असतं. अर्क आटवून विकतात हे धरलं, तरी प्रयोगातला आकडा बाटलीला चिकटवता येत नाही.

दरम्यान २००८ मध्ये मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ हेच शेवाळ प्रवाळांवर पसरलेलं आढळलं. ही किंमत हिशेबात धरायलाच हवी.

आणि क्षारपड जमिनीत हा अर्क कितपत कामाचा? खारट मातीत मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पालाशच्या जागी सोडियम आत शिरतो. अर्क दिलेली रोपं कुंडीतल्या प्रयोगांत पालाश जास्त टिकवतात, प्रोलीन नावाचं द्रव्य वाढवून पेशीतलं पाणी सांभाळतात. पण मातीतलं मीठ तिथेच राहतं. सांगली-कोल्हापूरकडची पांढरी पडलेली उसाची रानं सच्छिद्र पाइपांचा निचरा मागतात; फवारणी त्यानंतरची.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अशी टॉनिकं, म्हणजे जैव-उत्तेजकं, खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि उत्पादकांना परिणामकारकतेची माहिती देणं बंधनकारक झालं. क्षारपड रानात, लेबलवरच्याच मात्रेने घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आता शेतकऱ्याने दुकानदाराकडे खुशाल मागावेत.